जीवदयेसाठी परदेशातील साहाय्य : विचार आणि व्यवहार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी जीवदयेच्या कार्यासाठी परदेशातील समाजबांधवांचे साहाय्य कसे मिळवावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्तांनी मला केली आहे. मी वक्ता नाही. माझे आयुष्य कापडाचे ताके उलगडण्यात आणि रोजकीर्द-खतावणी लिहिण्यात गेले. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे त्यात पांडित्य थोडे आणि व्यवहार अधिक असेल. तो आपण गोड मानून घ्यावा.

भगवान नेमिनाथांची कथा आपण सर्वजण बालपणापासून ऐकत आलो आहोत. विवाहासाठी निघालेल्या नेमिकुमारांच्या कानी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश पडला आणि त्यांनी रथ मागे वळवला. या प्रसंगातील एक गोष्ट माझ्या मनात नेहमी घोळते. आक्रोश वरातीतील सर्वांनाच ऐकू आला असला पाहिजे. थांबले मात्र एकटे नेमिकुमार. आपल्या गावात आज असा आक्रोश ऐकून थांबणारी पंचवीस-तीस मुले आहेत. कोणी महाविद्यालयात शिकतो, कोणी दुकानात नोकरी करतो, कोणाचे स्वतःचे गॅरेज आहे. गटारात पडलेले कुत्र्याचे पिल्लू, नायलॉनच्या मांजात अडकलेली घार, विहिरीत पडलेले कोल्ह्याचे पोर, घरात शिरलेला नाग, कशाचाही निरोप आला तरी ही मुले धावून जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने रौद्र रूप धारण केले, तेव्हा माणसे गच्चीवर आणि जनावरे दावणीला अशी स्थिती होती. त्या वेळी गळ्याएवढ्या पाण्यात उतरून दावी कापणारी हीच मुले होती. तेव्हा त्यांच्याजवळ ना नाव होती, ना गाडी, ना हातमोजे.

याच महापुरानंतरचा एक प्रसंग मला आपल्यासमोर मांडायचा आहे. त्यात चूक माझी होती, म्हणून तो मीच सांगितलेला बरा.

माझा भाचा अनेक वर्षे अमेरिकेत आहे आणि त्याने तेथील नागरिकत्व घेतले आहे. महापुराची दृश्ये पाहून त्याने आपल्या परिचयातील दहा-बारा कुटुंबांकडून रक्कम जमवली आणि मला दूरध्वनी केला, “मामा, मुलांना एक गाडी घेऊन द्या. ट्रस्टच्या खात्यात थेट पाठवता येत नाही म्हणतात. तुमच्या खात्यावर पाठवतो, तुम्ही पुढे ट्रस्टला द्या.” मला यात काहीच वावगे वाटले नाही. पैसा पुण्याचा, काम पुण्याचे आणि मधला माणूस घरचा. रक्कम माझ्या खात्यात जमा झाली. मी ट्रस्टच्या नावे धनादेश लिहिला, त्यावर सहीदेखील केली आणि ट्रस्टच्या हिशेब तपासनीसांकडे गेलो. त्यांनी धनादेश हातात घेतला, सर्व हकिकत विचारली आणि तो माझ्यासमोर सरकवून ठेवला. ते म्हणाले, “शेठजी, ही रक्कम तुमची नाही. परदेशी नागरिकांनी ट्रस्टसाठी दिलेली ही रक्कम आहे. ट्रस्टची नोंदणी नसताना ती आडवाटेने घेतलीत, तर पन्नास वर्षांचे नाव एका गाडीसाठी पणाला लावाल.”

मी रक्कम परत पाठवली. परत पाठवताना हुंडणावळीत जो फरक पडला, तो घरातून भरला. गाडी आली नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका रात्री मळ्यातील विहिरीत गाय पडल्याचा निरोप आला. भाड्याचा टेम्पो, दोर आणि कप्पी जमवेपर्यंत पहाट झाली. मुलांनी गाय वर काढली, पण ती वाचली नाही. सकाळी पथकातील एक मुलगा दुकानात आला. त्याचे कपडे चिखलाने भरलेले होते. गादीच्या कडेला उभा राहून त्याने विचारले, “काका, ती गाडी असती तर? तुमचा कायद्याचा कागद मोठा की जीव मोठा?”

मजजवळ त्याला देण्यासाठी उत्तर नव्हते. आजच्या भाषणात त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा आपल्याकडे १९७६ साली आला. त्याच्या जागी २०१० चा विदेशी अभिदाय विनियमन कायदा आला आणि २०२० साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सर्वजण एफसीआरए म्हणतात. त्याचे सार असे की, परदेशी स्रोताकडून देणगी घ्यावयाची असेल तर संस्थेने केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असावी अथवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी घेतलेली असावी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. नोंदणी पाच वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. संस्था नवीन असेल तर अमुक दात्याकडून, अमुक कामासाठी, अमुक रक्कम, असे दात्याचे लेखी वचन जोडून पूर्वपरवानगी मागता येते.

२०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारी प्रत्येक रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. तेथून ती संस्थेच्या गावातील खात्यात आणता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, ती २० टक्क्यांवर आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देता येत नाही. म्हणजे ‘मोठ्या शहरातील अमुक ट्रस्टची नोंदणी आहे, त्यांच्यामार्फत घेऊ’ असे जे आपल्यापैकी काहीजण सुचवतात, तो मार्गही बंद आहे. वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत परदेशी देणगीचे वेगळे विवरणपत्र भरावे लागते, रक्कम आली नसली तरीही.

यात एक बारकावा प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावा, कारण आज घरटी एक मूल परदेशात आहे. देणगी परदेशी ठरते ती दात्याच्या नागरिकत्वावरून, राहण्याच्या गावावरून नव्हे. आपला मुलगा दुबईत वा लंडनमध्ये नोकरीस आहे, पण त्याचा पासपोर्ट भारतीय आहे आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी पाठवतो, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. ती ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात घेता येते. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र पावतीसोबत ठेवावी. उलटपक्षी, ज्याने अमेरिकेचे वा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याजवळ ओसीआय कार्ड असले, तो येथे येऊन रुपयांत देणगी देत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी देणगीच होय. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी पेटीत टाकलेली नोटही याला अपवाद नाही. संस्थेला भेट म्हणून आणलेले पिंजरे, जाळी वा उपकरणेही याच कक्षेत येतात.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षा परदेशाचा नादच नको. माझे मत तसे नाही. परदेशातील साहाय्याने आपल्या देशात मुक्या जिवांसाठी केवढे काम उभे राहिले आहे, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले अस्वलांचे. आमच्या लहानपणी डमरू वाजला की दरवेशी अस्वल घेऊन आला हे कळे आणि आम्ही मुले आनंदाने धावत असू. त्या अस्वलाच्या नाकात तापवलेल्या सळईने भोक पाडून वेसण घातलेली असे, याची आम्हांस कल्पना नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही ही प्रथा चालूच राहिली. १९९५ साली स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने इंग्लंडची इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू, ऑस्ट्रेलियाची फ्री द बेअर्स अशा संस्थांच्या साहाय्याने सहाशेहून अधिक अस्वले सोडवली. आग्र्याजवळ त्यांच्यासाठी मोठे केंद्र उभे राहिले. २००९ साली या प्रथेतील अखेरच्या अस्वलाची मुक्तता झाली. परंतु यातील विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. हा पैसा केवळ अस्वलांवर खर्च झाला नाही. ज्या कलंदर कुटुंबांची भाकरी अस्वलावर अवलंबून होती, त्यांना दुसरा व्यवसाय आणि त्यांच्या मुलांना शाळा देण्यावरही झाला. अस्वलाची वेसण सोडवताना माणसाच्या पोटाचा विचार केला, म्हणूनच ते काम टिकले.

दुसरे गिधाडांचे. ज्या पक्ष्यांचे थवे आपण गावाबाहेर नित्य पाहत होतो, ते १९९० नंतरच्या काही वर्षांत दिसेनासे झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याला कारणीभूत असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांवरही आली. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथील वनविभागासह गिधाडांचे प्रजनन केंद्र चालवले, त्याला इंग्लंडमधील पक्षीरक्षण संस्थेचे व तेथील सरकारच्या डार्विन निधीचे साहाय्य लाभले. बंधूंनो, गोशाळा आणि पांजरपोळ चालवणारे आपण लोक. आजारी गाईस करुणेने दिलेले इंजेक्शन दुसऱ्या एका जिवाची जातच संपवू शकते, ही गोष्ट आपल्यासाठी अंतर्मुख करणारी आहे. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे. आपल्या पांजरपोळात डॉक्टर कोणते औषध वापरतात, हे विश्वस्तांनी विचारले पाहिजे.

तिसरे उदाहरण शेजारच्या गोव्याचे. तेथे ‘मिशन रेबीज’ हा उपक्रम इंग्लंडमधील एका पशुवैद्यकीय सेवासंस्थेच्या पुढाकाराने २०१३ नंतर राज्य सरकारच्या सहकार्याने राबवला गेला. दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. तेथे लस टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद कार्यकर्ते जागेवरच मोबाईलमध्ये करत. कोणती गल्ली झाली, कोणती राहिली, हे त्याच दिवशी कळे. यालाच मी हिशेब म्हणतो.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. येथे काम करणारे लोक आधी उभे होते, त्यांचे काम मोजता येण्यासारखे होते आणि त्यानंतर परदेशातून साहाय्य आले. परदेशातील दाता कोणत्या व्यवस्थेतून देतो, हेही समजून घेतले पाहिजे. तेथील माणूस बहुधा आपल्याच देशातील नोंदणीकृत संस्थेस देणगी देतो, कारण त्यायोगे त्याला करसवलत मिळते. इंग्लंडमध्ये तर करदात्याने पात्र संस्थेस दिलेल्या एक पौंडामागे सरकार त्या संस्थेस आणखी २५ पेन्स देते. ती संस्था मग आपल्याकडे रक्कम पाठवते आणि साहजिकच विचारते की किती जनावरे आणली, किती बरी झाली, किती मेली, औषधाची बिले कोठे आहेत? या प्रश्नाने आपल्याला राग येतो. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे आपण म्हणतो. परंतु दुकानात आलेले गिऱ्हाईक कापड बोटांत धरून पाहतेच. ज्याचे सूत चांगले, तो दुकानदार ताका पूर्ण उलगडून दाखवतो.

येथे मी त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. कागद मोठा की जीव मोठा?

जीवच मोठा, यात शंका नाही. पण आपला धर्म आपल्याला केवळ अहिंसेचे एकच व्रत देत नाही. अणुव्रते पाच आहेत आणि अचौर्य हे त्यांपैकी एक. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक खोट्या मापांचा, तो आम्हा कापडवाल्यांना अगदी जवळचा. आणि दुसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याने घातलेली मर्यादा ओलांडून केलेला व्यवहार. शेकडो वर्षांपूर्वी आचार्यांनी हा दोष चोरीच्या सदरात घातला. म्हणजे चोरवाटेने आलेला पैसा जीवदयेत घातला, तर एक व्रत पाळण्यासाठी आपण दुसरे मोडतो. शिवाय आडवाटेने एक गाडी येते, दुसरी येत नाही. एकदा चौकशी लागली की खाते गोठते, पांजरपोळाचा चारा थांबतो, वसतिगृहातील मुलांचे जेवण थांबते. एका गाईसाठी शंभर जीव आपण धोक्यात घालू शकत नाही.

पण मित्रांनो, हे उत्तर अर्धे आहे. तेवढेच सांगून मी मोकळा झालो, तर तो दांभिकपणा होईल. त्या रात्री गाय मेली ती कायद्यामुळे मेली नाही. ती मेली कारण परदेशातील रक्कम परत गेल्यावर तेवढी रक्कम येथे जमवण्याचे आम्हा कोणासही सुचले नाही. माझ्या दुकानात त्या दिवाळीत लाखोंची उलाढाल झाली. भाच्याच्या पैशाची वाट पाहताना मी माझा स्वतःचा गल्ला विसरलो होतो. त्या मुलाने खरे तर हेच विचारले होते आणि ते मला उशिरा कळले.

आपल्या पूर्वजांना ही विस्मृती झाली नव्हती. मुंबईत इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून १८३२ साली शहरात मोठा दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. एक पारशी, एक जैन. पश्चिम भारतातील व्यापारी पेठांत मालाच्या व्यवहारावर लागा बसवून त्यातून पांजरपोळ चालवण्याची रीत होती. जो व्यापार करील, तो मुक्या जिवासाठी देईल, असा तो साधा नियम होता.

त्या सकाळनंतर आम्ही चार-पाच दुकानदारांनी हा जुना लागा पुन्हा सुरू केला. प्रत्येक बिलामागे एक रुपया जीवदयेच्या डब्यात. हळूहळू पेठेतील इतरही दुकाने त्यात सामील झाली. त्यांत सर्व जातिधर्मांचे व्यापारी आहेत, हे मी अभिमानाने सांगतो. त्याच पैशातून जुनी का होईना, पण मुलांची स्वतःची गाडी आली. आज ती बाहेर मांडवाशेजारी उभी आहे. सभा संपल्यावर आपण अवश्य पाहावी. ट्रस्टने त्याच वेळेपासून जीवदयेचे स्वतंत्र खाते ठेवले, प्रत्येक जनावराची नोंदवही सुरू केली आणि आता आपण परदेशी देणगीसाठी रीतसर अर्ज करण्याच्या स्थितीत आलो आहोत. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांनी तसा ठराव करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

पथकातील मुलांना दोन गोष्टी सांगतो. वन्य प्राणी हा कायद्याने शासनाच्या ताब्यातील आहे. तो पकडून घरी ठेवणे वा सापासोबत छायाचित्रे काढून ती दात्यांना पाठवणे योग्य नव्हे. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवावा, त्यांच्यासह काम करावे, नोंद करावी. आणि कुत्र्यांना हात लावण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस स्वतः आधी घ्यावी. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या लशीचा आणि अपघात विम्याचा खर्च हा जीवदयेचाच खर्च आहे, असे ट्रस्टने मानावे. तुम्हीही जीवच आहात.

परदेशातील मुलाबाळांना आपण सर्वांनी एवढे कळवावे, की बाळांनो, तुमचे साहाय्य आम्हांस हवे आहे. कोणता पासपोर्ट आहे तो सांगा, बँकेच्या मार्गाने द्या, पावती मागा आणि वर्षाअखेरीस हिशेबही मागा. तोवर येथील काम आम्ही थांबू देणार नाही.

त्या मुलाचा प्रश्न घेऊन मी इतकी वर्षे फिरलो. आज तो समोर पहिल्या रांगेत बसला आहे. त्याला मी एवढेच सांगेन, बाबा, जीव मोठा आहे, म्हणूनच कागद स्वच्छ ठेवायचा आणि कागद होईपर्यंत आपला गल्ला उघडा ठेवायचा. या दोन्हींत माझ्याकडून झालेल्या कसुरीबद्दल मी तुझी आणि त्या मुक्या जिवाची मनःपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.